आत्याला नागपूर केंद्र हवंय

प्रश्न : काका, माझी आत्या ८२ वर्षांची आहे. सगळं आयुष्य नागपुरात, महाल भागात गेलं. दिवाळीनंतर ती आमच्याकडे बेंगळुरूला राहायला आली. काचबिंदूमुळे दिसतं कमी, उजव्या हाताला कंप आहे आणि डाव्या कानात यंत्र. सकाळी उठल्यापासून तिला रेडिओ लागतो आणि तोही आकाशवाणी नागपूर. जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर सोबत आणलाय, पण त्यावर दिवसा नुसती खरखर. रात्री कधीतरी मराठी ऐकू येतं म्हणते, आम्हाला खरं वाटत नाही. मोबाइलवर ॲप लावून दिलं तर बोट कुठेतरी लागतं आणि भलतंच सुरू होतं. नवऱ्याने स्मार्ट स्पीकर आणला. आत्या म्हणते, "ती बाई माझं ऐकूनच नाही राहिली." आता इंटरनेटवर चालणारे रेडिओ मिळतात असं कळलंय. रंगीत पडदा, हजारो स्टेशनं, असं काय काय लिहिलेलं असतं. यातला कुठला घ्यावा? – एक भाची, बेंगळुरू

उत्तर : आधी आत्याची बाजू घेतो. रात्री नागपूर लागतं असं त्या म्हणतात ते अगदी शक्य आहे. मध्यम लहरींवर नागपूरची जागा ५८५ किलोहर्ट्झ. दिवसा या लहरी जमिनीला धरून जातात आणि वर गेलेल्या लहरी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर लांब उतरतात. त्याच जोरावर १९८८ मध्ये आकाशवाणीने रात्रीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्याच १००० किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून सुरू केली होती. आमच्या अकोल्याच्या दुकानात तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर सेट दुरुस्तीला टाकायचे. त्यांची तक्रार ठरलेली असायची, "रात्रीचं नागपूर घुमतंय." तेव्हा आत्यांना म्हातारपणाचे भास होताहेत असं घरात कुणी म्हणू नये.

पण रात्रीच्या नागपूरवर सकाळ निघत नाही. शिवाय तुमच्या इमारतीत एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारी. हे सगळं मध्यम लहरींत खरखर ओततं. तेव्हा नागपूर हवं तर इंटरनेटशिवाय मार्ग नाही, हे मान्य.

विविध भारतीसाठी मात्र नवा सेट घेऊ नका. बेंगळुरूत ती एफएमवर १०२.९ ला लागते. मधे मधे कन्नड कार्यक्रम येतील, आत्यांना आठवड्यात दोन-चार कन्नड शब्द येतील, बिघडलं काय? आणलेल्या ट्रान्झिस्टरच्या दोन बँडांत एक एफएम असेल तर काटा तिथे लावून ठेवा आणि तो सेट त्यांच्या उशाशीच राहू द्या. वाय-फाय रुसलेल्या दिवशी तोच उपयोगी पडेल.

आता नवा सेट. तुमच्या पत्रात 'हजारो स्टेशनं' हे शब्द आहेत. दुकानदार पहिल्यांदा तेच सांगतो आणि तुमच्या कामाचं त्यात सगळ्यात कमी आहे. आत्यांना एक स्टेशन हवंय, फार तर तीन. उरलेल्या हजारांतून हे तीन हरवू नयेत एवढीच आपली गरज. म्हणून सेटकडे बघताना पडद्याकडे बघू नका, बटणांकडे बघा. पुढच्या किंवा वरच्या अंगावर १, २, ३, ४ अशी खरीखुरी, दाबली की टक् करणारी, स्टेशन साठवायची बटणं आहेत का? बऱ्याच सेटवर 'प्रीसेट' असं एकच बटण असतं. ते दाबायचं, मग पडद्यावर यादी येते, मग गोल खुंटी फिरवून नाव निवडायचं, मग खुंटी आत दाबायची. जाहिरातीत याला 'चाळीस स्टेशनं साठवा' म्हणतात. काचबिंदू आणि हाताला कंप असलेल्या माणसाला ही चाळीसही नाहीत आणि एकही नाही. फिरवायची आणि आत दाबायची एकच खुंटी असेल तर कंपामुळे दाबता दाबता ती फिरते आणि नागपूरच्या जागी नैरोबी लागतं.

परीक्षा सोपी आहे. सेट हातात आला की तुम्ही स्वतः डोळे मिटा, उजव्या हाताऐवजी डावा वापरा आणि सेट बंद असताना नागपूर लावून दाखवा. एका किंवा दोन दाबांत जमलं तर पुढे बोलू. नाही जमलं तर तो सेट कितीही देखणा असो, परत करा. आपल्याकडे असे रेडिओ कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसतात, ऑनलाइनच घ्यावे लागतात. त्यामुळे परत करायची मुदत किती ते आधी वाचा आणि खाली सांगतोय त्या सगळ्या परीक्षा त्या मुदतीत उरका. खोकं फाडू नका.

दुसरी परीक्षा नागपूरचीच. इंटरनेट रेडिओच्या पोटात स्टेशनं नसतात. सेट सुरू झाला की तो कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, "नागपूर कुठे मिळेल?" तिथून पत्ता येतो आणि मग आवाज. म्हणजे दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या कंपनीच्या यादीत आकाशवाणी नागपूर असायला हवं आणि आकाशवाणी ज्या पद्धतीने आवाज पाठवते ती या सेटला उलगडता यायला हवी. आकाशवाणीचे प्रवाह एचएलएस पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांत येतात. नव्या सेटना ते जमतं, जुन्या आणि फार स्वस्त सेटपैकी अनेकांना नाही. मग यादीत नाव दिसतं, दाबलं की सेट नुसता विचार करत बसतो. विक्रेत्याला "आकाशवाणी चालतं का?" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. "आकाशवाणी नागपूर लावून त्याचा व्हिडिओ पाठवा" म्हणा. यादीत नसलेल्या स्टेशनचा पत्ता आपल्या हाताने घालायची सोय असेल तर फार उत्तम. ती बहुतेक वेळा संगणकावरून किंवा फोनच्या ॲपवरून असते आणि ते काम तुमचं, आत्यांचं नाही.

यादी पुरवणारी ही कंपनीच बंद पडली तर? पडतात. रेसिवा नावाची अशी एक सेवा होती, कितीतरी ब्रँडांचे रेडिओ तिच्यावर चालायचे. ती २०२१ मध्ये बंद झाली आणि धडधाकट सेट मुके झाले. लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स रेडिओंना स्टेशनं पुरवणारी त्यांची वेबसाइट २०२४ मध्ये बंद झाली. त्या सेटना निदान घरच्या संगणकावर सर्व्हर चालवून जिवंत ठेवता येतं, पण तो उद्योग हौशी माणसाचा. व्हॉल्व्हचा रेडिओ बिघडला तर मी व्हॉल्व्ह बदलायचो, ट्रान्झिस्टरचा बिघडला तर कंडेन्सर. इथे बिघाड हजारो मैलांवर असतो आणि डागणी हातात धरून बसण्यात अर्थ नसतो. म्हणून कुणी "अगदी नवा, दहा वर्षं कपाटातच होता" असं सांगून जुना सेट देऊ केला तर नम्रपणे नको म्हणा. यादीशिवाय दुसरी वाटही असलेला सेट घ्या. एफएम असावं, ब्लूटूथ असावं. यादी बुडाली तरी तुमच्या फोनवरून आवाज सोडता येईल.

परदेशातल्या नातेवाइकांकडून सेट मागवायचा विचार असेल तर एक सांगतो. इंग्लंड-जर्मनीत वयस्कांसाठी मोठ्या बटणांचे चांगले सेट मिळतात हे खरं. त्यांवर डॅब किंवा डॅब प्लस असं लिहिलेलं असतं आणि किंमत त्याचीही असते. ती डिजिटल पद्धत आपल्याकडे नाही. आकाशवाणीने डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली आहे. डॅबचं बटण इथे शोभेचं. त्यातही नेमकं तेच बटण सगळ्यात मोठं असतं, आत्या तेच दाबतील आणि सेट रिकाम्या हवेत स्टेशनं शोधत बसेल. असा सेट आलाच तर त्या बटणावर चिकटपट्टी लावा.

तिसरी परीक्षा वीज जाण्याची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. सेट नागपूरवर चालू ठेवा आणि मेन स्विच पाडा. सेट आणि वाय-फायचा राउटर दोन्ही बंद झाले पाहिजेत. मिनिटभराने वीज सोडा आणि कशालाही हात न लावता बघत राहा. राउटरला उठून उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, रेडिओ त्याच्या आधी जागा होतो. शहाणा सेट वाट बघतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि आपणहून नागपूर लावतो, किंवा निदान एका बटणात लावतो. अडाणी सेट एकदाच डोकावतो, वाय-फाय नाही म्हणतो, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहितो आणि तिथेच थांबतो. तुम्ही दोघं कामावर, घरात आत्या एकट्या, पडदा दिसत नाही. संध्याकाळपर्यंत त्या समजणार की आपल्याच हातून काहीतरी मोडलं. दुसऱ्या दिवशी त्या सेटला हात लावणार नाहीत. वयस्क माणसं रेडिओ सोडून देतात ती बटणं अवघड म्हणून कमी आणि मोडण्याच्या धास्तीने जास्त, हे मी दुकानात बसून पाहिलेलं आहे. यावर उपाय म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा, बारा व्होल्टचे मिळतात. वीज गेली तरी वाय-फाय जात नाही आणि अर्धी कटकट मिटते. सेट स्वतः बॅटरीवर चालणारा मिळाला तर उरलेलीही.

वाय-फायचं थोडक्यात. असे बरेच सेट २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ वर नाही. तुमच्या राउटरवर दोन्ही एकाच नावाने असतील आणि सेट जोडला जात नसेल तर २.४ ला वेगळं नाव द्या. पासवर्ड खुंटी फिरवून एकेक अक्षर निवडत घालावा लागतो, तेव्हा तो रविवारी, चहा घेऊन, तुम्हीच घाला. आणि एकदा घातला की घरातल्या हुशार मंडळींना सांगून ठेवा, परस्पर पासवर्ड बदलायचा नाही. डेटाची काळजी करू नका. सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह तासाला २९ एमबीच्या आसपास खातो, १२८ चा ५८ च्या आसपास. आत्यांनी दिवसभर ऐकलं तरी तुमच्या मुलांच्या एका सिनेमाएवढं होत नाही.

बटण दाबल्यावर आवाज यायला पाच-दहा सेकंद लागतात. थोडा आवाज आधी साठवून मग सेट बोलायला लागतो. ट्रान्झिस्टरच्या सवयीला हे मानवत नाही. लागलं नाही म्हणून माणूस पुन्हा दाबतो, सेट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि हे असंच चालू राहतं. आत्यांना सांगा, बटण दाबून "श्रीराम जय राम जय जय राम" तीनदा म्हणायचं आणि मगच पुन्हा हात लावायचा. त्यांचं दैवत दुसरं असेल तर तसं बदला. आणखी एक, इंटरनेटवरचा आवाज खऱ्या प्रक्षेपणाच्या मागे असतो. तेव्हा बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायची सवय असेल तर ते घड्याळ मागे पडेल. त्या पिढीला ही गोष्ट आधी सांगावी लागते, नाहीतर रेडिओ खोटा ठरतो.

बटणांवर खूण करा. एम-सीलचा मुगाच्या दाण्याएवढा ठिपका नागपूरच्या बटणावर, विविध भारतीच्या बटणावर दोन ठिपके. चालू-बंदच्या बटणावर काही नको. घरात उरलेलं नेलपॉलिश थरावर थर देऊनही चालतं. लेबलं लिहू नका, दिसत नाही त्याला लेबल काय करणार? नको असलेली बटणं पुठ्ठ्याची पट्टी कापून झाका. सेट भिंतीशी सरकणार नाही असा, खाली रबराचे पाय लावून, त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. उजव्याला कंप आहे असं तुम्हीच लिहिलंय.

आवाजाबद्दल दुकानात फसू नका. दणदणीत खर्ज ऐकवतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. वयानुसार कान जातो तो बहुधा वरच्या पट्टीपासून. स, श, त, क यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी तक्रार सुरू होते. त्यात खर्ज वाढवला तर शब्द आणखी बुडतात. म्हणून सेटमध्ये खर्ज कमी आणि तीव्र सूर जास्त करायची सोय हवी. ते एकदा जुळवून सोडून द्या. पेटीसारखा, एकच पण बऱ्यापैकी मोठा स्पीकर असलेला सेट बोलण्यासाठी चांगला. ऐकायची परीक्षा गाण्यावर घेऊ नका, बातम्यांवर घ्या, आणि कान आत्यांचे असू द्या. आत्यांचं कानातलं यंत्र ब्लूटूथवालं असेल तर सेटचा आवाज थेट त्यात सोडायची कल्पना कुणीतरी देईल. तूर्त नको. आणखी एक जोडणी म्हणजे आणखी एक तुटणारी जोडणी.

स्मार्ट स्पीकरला मी शिव्या देत नाही. ज्यांना बटण दाबणंच शक्य नाही त्यांना तो वरदान आहे. पण भारतात विकले जाणारे हे स्पीकर बहुतेक हिंदी-इंग्रजीच समजतात, मराठी नाही. आत्यांची हिंदी नागपुरी असणार आणि "नागपूर लगाव" म्हटल्यावर त्या यंत्राने नागपूरचं हवामान सांगितलं असणार. तो घरात आहेच, तर फेकू नका. त्याच्या ॲपमध्ये आपल्या पसंतीचं एखादं छोटं वाक्य ठरवून त्याला हवी ती क्रिया जोडता येते. स्पीकरला जागं करायचं नाव घेऊन मग "राम राम" म्हटलं की नागपूर सुरू, असं काहीसं बसवून बघा. जमलं तर नवा सेट घ्यायचीच गरज नाही आणि मला आनंद होईल. मात्र आत्या ते नाव किंवा वाक्य विसरतात का, रात्री टीव्हीत कुणी तसंच नाव घेतल्यावर तो आपोआप बोलायला लागतो का, हे आठवडाभर पाहा.

एक सूचना तुम्हाला कुणीतरी करेलच. हजारो गाणी आधीच भरलेली पेटी आणून द्या, म्हणजे इंटरनेटची भानगड नको. सारेगामाचा कारवाँ २०१७ मध्ये आला तेव्हापासून अशा पेट्या घरोघरी भेट म्हणून गेल्या आणि चांगल्या चालतातही. पण तुमच्या आत्या गाणी मागत नाहीयेत, नागपूर मागताहेत. संत्र्याचा भाव, धरणातलं पाणी, उन्हाचा पारा किती चढला, महालातल्या ओळखीच्या आडनावाचा कुणी पत्र पाठवतो ते. १९४८ पासून ते केंद्र बोलतंय, म्हणजे आत्या शाळेत जायच्या आधीपासून. गाण्यांच्या पेटीत यातलं काही नाही.

ठरावीक मॉडेलचं नाव मी मुद्दाम देत नाही. बाजारात नावं तीच राहून आतले सुटे भाग बदलतात आणि हा अंक तुम्ही सहा महिन्यांनी उघडाल. वर सांगितलेल्या तीन परीक्षा, म्हणजे डोळे मिटून बटण, नागपूरचा व्हिडिओ आणि वीज घालवणं, या ज्यात उतरतील तो घ्या. मग रंगीत पडदा नसला तरी चालेल. पडदा असलाच तर रात्री मंद होतो का बघा, नाहीतर खोलीत उजेड पडून झोपमोड.

घ्यायच्या आधी एक खात्री फुकटात होते. तुमच्याच फोनवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप उघडा, दोनशेहून जास्त केंद्रं आहेत, त्यातलं नागपूर लावून फोन आत्यांच्या खोलीत दोन दिवस ठेवा, मात्र लावायचं-बंद करायचं काम तुम्हीच करा. कुठल्या वेळी ऐकतात, कशावर आवाज वाढवायला सांगतात, दुपारी ऐकता ऐकता झोपतात का, हे टिपून ठेवा. झोपत असतील तर ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा सेट हवा असं तुम्हाला वाटेल. आधी त्यांना विचारा. काहींना झोपेतही चालू लागतो आणि बंद झाला की जाग येते.

प्रश्न : वरच्यासारखाच रेडिओ वडिलांसाठी (वय ७८) गावी घ्यायचा आहे. घर सावंतवाडीजवळ. घरात वाय-फाय नाही, मोबाइलची रेंज पडवीत येते, माजघरात नाही. फोनचं हॉटस्पॉट लावून चालेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालेल, पण चालवू नका. हॉटस्पॉट लावायला फोन चार्ज हवा, पडवीत हवा, चालू हवा आणि वडिलांच्या खिशात नको. पावसाळ्यात टॉवरची वीज गेली की तेही संपलं. तुमच्या वडिलांना मध्यम लहरी आणि एफएम दोन्ही असलेला, मोठ्या सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. एका जागी बसून ऐकत असतील तर विजेवरही चालणारा.

मध्यम लहरींचा अँटेना सेटच्या पोटात असतो, फेराइटची आडवी कांडी. तिच्या टोकाच्या दिशेला स्टेशन असेल तर आवाज पडतो, बाजूला असेल तर वाढतो. तेव्हा बाहेरची दांडी ओढत बसू नका, ती एफएमसाठी. सेटच जागच्या जागी गोल फिरवा आणि पणजी किंवा रत्नागिरी जिथे स्वच्छ लागेल तिथे टेबलावर खडूने खूण करा. खरखर आली तर एकेक एलईडी दिवा बंद करून बघा, चोर बहुधा त्यातलाच एखादा स्वस्तातला निघतो. दिवा बदला, रेडिओ नको. आणि पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा सेल चार जास्त न्या, तिथल्या दुकानातले बरेचदा पडून पडून उतरलेले असतात.